एका अक्षररूपाची अनेक कुळे : परभणी जिल्ह्याच्या व्यवहारभाषेतील समरूप शब्द

दोन शब्दांची अक्षरे एक असली म्हणजे त्यांचे मूळही एकच असले पाहिजे, ही भाषेविषयीच्या लौकिक समजुतींपैकी अत्यंत चिवट समजूत होय. इंग्रजीत ‘बार्क’ या एकाच रूपाने कुत्र्याचे भुंकणे आणि झाडाची साल असे दोन अर्थ व्यक्त होतात. परंतु पहिला शब्द प्राचीन इंग्रजीचा स्वतःचा, तर दुसरा स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून शिरलेला आहे. ‘सील’ या रूपाचीही तीच स्थिती. समुद्रातील प्राणी दर्शविणारा शब्द जर्मानिक कुळातील, तर मुद्रा दर्शविणारा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला. इंग्लंडच्या भूमीवर जे जे लोक राज्यकर्ते वा वसाहतकार म्हणून आले, त्यांच्या येण्याची खूण अशा जुळ्या शब्दांत राहिली आहे. मराठीत, आणि विशेषेकरून परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या व्यवहारभाषेत, हाच प्रकार अधिक ठळकपणे आढळतो.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एकाच शब्दाचे अर्थ काळाच्या ओघात फाकत जातात, ही अनेकार्थता होय; आणि भिन्न मुळांचे शब्द एका रूपाला येऊन मिळतात, ही समरूपता होय. अर्थांमधील अंतरावरून या दोहोंचा निर्णय करता येत नाही. गळ्यातील ‘हार’ आणि खेळातील ‘हार’ यांच्या अर्थांत काहीच साम्य दिसत नाही. तथापि दोन्ही शब्द संस्कृत ‘हृ’ या एकाच धातूकडे नेले जातात. उलट ‘काम’ आणि ‘काम’ हे दोन्ही शब्द संस्कृतातूनच आलेले असूनही त्यांचे मूळ भिन्न आहे. निर्णय करावयाचा तो ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि शब्दाच्या प्रवासाचा इतिहास पाहूनच.

हा इतिहास परभणीच्या बाबतीत मोठा घडामोडींचा आहे. चौदाव्या शतकात बहमनी सत्ता स्थापन झाल्यापासून या प्रदेशाच्या दप्तरांत फार्सीचा शिरकाव झाला. पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल आणि १७२४ पासून आसफजाही अशा सत्ता एकामागून एक आल्या. हैदराबाद संस्थानात १८८४ साली राजभाषेचे स्थान फार्सीकडून उर्दूकडे गेले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेविले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. या सर्व काळात शेतकऱ्याच्या तोंडची भाषा मराठी, गावच्या दप्तराची लिपी बहुशः मोडी, आणि वरिष्ठ कचेरीची भाषा प्रथम फार्सी व नंतर उर्दू होती. तीन प्रवाह एका पात्रात शिरले असता पाण्याचा रंग एक दिसतो. म्हणून त्यांचे उगम एक ठरत नाहीत.

(१) झिजून एक झालेले शब्द

पहिला वर्ग मराठीच्या अंगभूत विकासातून जन्मलेला आहे. संस्कृत ‘कर्म’ प्राकृतात ‘कम्म’ झाले आणि जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ होऊन मराठीत ‘काम’ झाले. संस्कृत ‘काम’, म्हणजे इच्छा वा वासना, हा शब्द मात्र पंडितांच्या आणि संतांच्या वाणीतून जसाच्या तसा आला. गंगाखेडची म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक असलेली जनाबाई दळणकांडणाच्या कामासाठी लोकांच्या स्मरणात राहिली. आणि ज्या संतपरंपरेत ती वाढली, तिने काम हा षड्रिपूंपैकी पहिला मानिला. एक काम अंगीकारावयाचे व दुसरे टाकावयाचे. अक्षरे मात्र दोहोंची तीच.

‘पर्ण’ या शब्दाचे प्राकृतात ‘पण्ण’ व मराठीत ‘पान’ झाले. झाडाचे पान, विड्याचे पान, पोथीचे पान आणि जेवणाचे पान हे सर्व त्याच एका शब्दाचे अर्थविस्तार होत. परंतु ‘मद्यपान’, ‘जलपान’ यांतील ‘पान’ हे ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून आलेले असून पर्णाशी त्याचा संबंध नाही. त्याचप्रमाणे कापसाचे ‘सूत’ हे ‘सूत्र’ शब्दाचे झिजलेले रूप, तर कर्णाला ‘सूतपुत्र’ म्हणतात त्यातील ‘सूत’ म्हणजे सारथी.

‘पीक’ हा शब्द याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. तो ‘पक्व’ शब्दापासून प्राकृत ‘पिक्क’ या पायरीने आला. ‘पक्व’चेच दुसरे प्राकृत रूप ‘पक्क’, आणि त्यापासून आलेला ‘पक्का’ हिंदीच्या संसर्गाने मराठीत रुळला. तेव्हा शेतातील पीक आणि बाजारातील पक्का शेर हे एकाच मुळाचे दोन फाटे होत. उलट ‘पीक’ आणि कोकिळावाचक ‘पिक’ हे दिसण्यात सारखे असले तरी परस्परांचे कोणी नव्हेत.

(२) परक्या शब्दांशी पडलेली गाठ

दुसरा वर्ग फार्सी व अरबी शब्दांच्या आगमनाने उत्पन्न झाला. गोदावरीचे ‘तीर’ संस्कृत आहे; धनुष्याचा ‘तीर’ फार्सी आहे. एक नपुंसकलिंगी, दुसरा पुल्लिंगी. म्हणजे रूप एक झाले तरी व्याकरणाने त्यांचा भेद राखून ठेविला.

‘दार’ या रूपाचा विस्तार अधिक आहे. घराचे दार हे ‘द्वार’ शब्दाचे प्राकृतोद्भव रूप. वतनदार, जमीनदार, तहसीलदार यांतील ‘दार’ मात्र फार्सी असून त्याचा अर्थ ‘धारण करणारा’ असा आहे. हैदराबाद संस्थानात जिल्ह्याच्या प्रमुखास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, व त्याच्या खालच्या अधिकाऱ्यास ‘दुय्यम तालुकदार’. १९४८ नंतर हे हुद्दे गेले आणि कलेक्टर आला. पुढे त्यालाच ‘जिल्हाधिकारी’ हे नाव मिळाले. या नव्या शब्दाचे उत्तरपद संस्कृत असले तरी ‘जिल्हा’ हे पूर्वपद अरबीच आहे, व मूळ अरबीत त्याचा अर्थ बरगडी अथवा बाजू असा होतो. भाषाशुद्धीचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी व्यवहारात रुजलेला शब्द सहजासहजी उपटला जात नाही, याची ही एक लहानशी साक्ष. शिवराज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तरीही फार्सी शब्दांपैकी पुष्कळसे मराठीत नांदतच राहिले.

‘साल’ हा शब्द मराठवाड्याच्या शेतीव्यवस्थेशी निगडित आहे. वर्षाच्या कराराने शेतावर राहणाऱ्या माणसास ‘सालगडी’ म्हणतात व त्याचे वर्ष पाडव्यापासून मोजतात. हे ‘साल’ फार्सी. झाडाची वा फळाची ‘साल’ मात्र प्राकृत ‘छल्ली’ या शब्दापासून आलेली आहे. मूळच्या ‘छ’काराच्या ठिकाणी मराठीत ‘स’कार येतो, हा नियम ‘छाया’ व ‘सावली’, ‘छुरी’ व ‘सुरी’ या जोड्यांतही दिसतो. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात अशा ध्वनिनियमांची जी मांडणी केली, तिच्यामुळे या व्युत्पत्ती केवळ अटकळीच्या पातळीवर राहिल्या नाहीत.

‘रब्बी’ हा हंगाम या जिल्ह्यात ज्वारीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले ‘परभणी मोती’ हे वाण याच हंगामातील ज्वारीचे आहे. ‘रब्बी’ हा शब्द अरबी ‘रबीअ’ म्हणजे वसंत यापासून, व त्याचा जोडीदार ‘खरीप’ हा अरबी ‘खरीफ’ म्हणजे शरद यापासून आला. अर्थात पिकांची नावे ती कापणीला येण्याच्या ऋतूवरून पडली, पेरणीच्या ऋतूवरून नव्हे. यहुदी धर्मगुरूस ‘रब्बी’ म्हणतात तो शब्द हिब्रू असून त्याचा अर्थ ‘माझा स्वामी’ असा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठीच असल्यामुळे हे दोन्ही रब्बी एकाच भाषेत, परंतु दोन निराळ्या प्रदेशांत नांदले.

या वर्गातील सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘शेर’ या शब्दाचे होय. वजनाचा शेर, कुंपणाला लावतात तो चिकाचा शेर, सिंह या अर्थी फार्सी शेर, दोन ओळींचा काव्यबंध दर्शविणारा अरबी मुळाचा शेर, आणि कंपनीच्या किंवा सहकारी संस्थेच्या भांडवलातील भाग दर्शविणारा इंग्रजी शेर, असे पाच शब्द या दोन अक्षरांत सामावले. शेवटचा आता ‘शेअर’ असा लिहितात, त्यामुळे एकाची गर्दी कमी झाली. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमांचा होता. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आल्यावर तो बाजारातून उठला. त्याचा परिणाम म्हणीवर झाला. ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीत एका वजनाला त्याहून पावपट अधिक वजन भेटते, हा मूळ अर्थ. शेर हे माप डोळ्यांसमोरून गेल्यावर नव्या पिढीला त्या म्हणीत सिंह दिसू लागला. सिंहाचा सव्वा सिंह कसा व्हावा, याचा विचार कोणी करीत नाही. व्यवहारातून वस्तू गेली की शब्द पोरका होतो, आणि समरूप शब्द त्याची जागा बळकावतो.

(३) कुल, कुळ आणि कुळंबी

येथवरच्या उदाहरणांत गैरसमज झाला तरी हानी कोणाची होत नाही. ‘कुल’ या रूपाच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. कारण येथे प्रश्न जमिनीचा आणि हक्काचा आहे.

संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश, घराणे. कुलदैवत, कुलाचार, किंबहुना विद्यापीठाचा कुलगुरू, हे सर्व त्याचेच परिवार. जमिनीशीही या शब्दाचा संबंध प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिकाऱ्यास वेतनादाखल द्यावयाच्या भूमीस ‘कुल’ म्हटले आहे. मराठीत ‘ल’चा ‘ळ’ होऊन ‘कुळ’ झाले आणि घराण्याच्या अर्थाबरोबरच सारा भरणारे घर, व पुढे दुसऱ्याची जमीन कसणारा, असा अर्थ त्यास आला. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० साली झाला, त्यातील ‘कुळ’ तेच. गावातील अशा कुळांचा हिशेब लिहिणारा तो ‘कुलकर्णी’. परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचे मूळ फरिश्ता या इतिहासकाराने जोडिले आहे, आणि पाथरी आपल्या ताब्यात असावी म्हणून निजामशहाने इमादशहाशी संघर्ष केला, यावरून या वतनाच्या प्रतिष्ठेची कल्पना यावी.

परंतु ‘कुलमुखत्यारपत्र’ या शब्दातील ‘कुल’ यांपैकी नव्हे. ते अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सर्व. ‘बिलकूल’ या शब्दातही तेच दडलेले आहे. कुलमुखत्यार म्हणजे सर्व अधिकार सोपविलेला मनुष्य. कुलातर्फे, म्हणजे घराण्यातर्फे, नेमलेला मनुष्य नव्हे. ज्यास हा भेद ठाऊक नाही तो असे पत्र घराण्यापुरत्या मर्यादित अधिकाराचे समजून त्यावर सही करण्याचा संभव आहे. वास्तविक त्या एका अक्षरजोडीने सर्व अधिकार हातचे जातात. जुन्या कागदातील ‘कुल जमा’ हा शब्दप्रयोगही ‘एकूण रक्कम’ या अर्थी आहे. त्याचा कुळाकडून आलेल्या जमेशी काही संबंध नाही.

याच्या शेजारी ‘कुळंबी’ हे रूप ठेवून पाहावे. वरवर पाहता ते ‘कुळ’ शब्दापासून साधलेले वाटते. वस्तुतः ते ‘कुटुंबिन्’ या संस्कृत शब्दापासून आलेले आहे. ‘ट’चा ‘ड’ व ‘ड’चा ‘ळ’ होऊन ‘कुळंबी’, आणि त्याचेच आणखी झिजलेले रूप ‘कुणबी’. कुटुंबिन् म्हणजे घरसंसार असलेला गृहस्थ, शेतकरी. म्हणजे ‘कुळ’ व ‘कुळंबी’ यांतील पहिली दोन अक्षरे समान असली तरी एकातील ‘ळ’ मूळच्या ‘ल’काराचा आणि दुसऱ्यातील ‘ळ’ मूळच्या ‘ट’काराचा आहे. कुळ हा जमिनीशी असलेला संबंध. कुळंबी ही शेतकरी समाजाची संज्ञा. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांच्या ध्यानी आली. अशा कामात लिपी वाचता येणे ही पहिली पायरी. वाचलेले अक्षर कोणत्या शब्दाचे, हे ओळखता येणे ही दुसरी. आणि तिच्यावाचून पहिली अपुरी होय.

(४) लिपीने झाकलेले भेद

समरूपता काही वेळा भाषेत नसून केवळ लेखनात असते. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. देवनागरीत त्यांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. हत्तीवाचक ‘गज’ संस्कृत असून त्यातील ‘ज’ तालव्य आहे. लांबीचे माप दर्शविणारा ‘गज’ फार्सी असून त्यातील ‘ज’ दंततालव्य आहे. वार्धक्यवाचक ‘जरा’ संस्कृत, तर ‘किंचित्’ या अर्थी ‘जरा’ अरबी मुळाचा. पाण्याचा ‘जग’ इंग्रजी, आणि ज्यात आपण राहतो ते ‘जग’ संस्कृत ‘जगत्’ शब्दाचे मराठी रूप. कागदावर एक दिसणारे हे शब्द परभणीचा निरक्षर शेतकरीसुद्धा कानाने अचूक वेगळे करतो. कान जे जाणतो ते डोळा विसरतो.

उलटपक्षी ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरे मराठीला पुष्कळ गोंधळांतून वाचवितात. संस्कृत ‘माल’ म्हणजे उंचवट्याची जमीन. त्याचे मराठीत ‘माळ’ झाले. म्हणून अरबी ‘माल’, म्हणजे धन, सामग्री, व महसुली भाषेत सारा, यांच्याशी त्याची गल्लत होत नाही. संस्कृत ‘क्षण’पासून आलेला ‘सण’ आणि अरबी ‘सन’ यांची ताटातूटही अशीच राहिली. या ‘सन’ शब्दाविषयी एक सूचना आवश्यक आहे. हैदराबाद संस्थानातील कागदांवर बहुधा फसली सन असतो, व इसवी सन काढण्यासाठी त्यात सुमारे ५९० मिळवावे लागतात. तो शक समजून ७८ मिळविल्यास पाचशेंहून अधिक वर्षांची चूक होते.

मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. त्यामुळे देवनागरीत शुद्धलेखनाने वेगळे ठेविलेले ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पिक’ आणि ‘पीक’ मोडीत एकरूप होतात. ‘दीन’ या रूपात तर संस्कृत ‘दीन’ म्हणजे गरीब आणि अरबी ‘दीन’ म्हणजे धर्म हे दोन आधीच आहेत. मोडीत दिवसवाचक ‘दिन’ तिसरा येऊन मिळतो. मोडी कागदाचा वाचक अशा जागी संदर्भावर विसंबतो, आणि संदर्भ कळण्यास त्या काळच्या व्यवहाराची माहिती लागते.

(५) इंग्रजीची भर

परभणी, सेलू, मानवत हा कापसाचा पट्टा. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड-हैदराबाद लोहमार्ग गेला. सरकी काढण्याच्या कारखान्यांबरोबर ‘जीन’ हा शब्दही कापूसपट्ट्याच्या बोलीत आला. हा इंग्रजी शब्द ‘एंजिन’ या शब्दाचे तुटलेले रूप असून त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे, व तेथे त्याचा अर्थ बुद्धिकौशल्य असा होतो. त्याच इंग्रजीत मद्यवाचक ‘जिन’ आहे, परंतु तो लॅटिनमधील एका झाडाच्या नावापासून डचांच्या मार्फत आला. जाड्या कापडाचे ‘जीन’ हे नाव इटलीतील जिनोवा नगरावरून पडले. मराठीत त्याआधीच घोड्याचे फार्सी ‘जीन’ होते, आणि ते तयार करणारे ते जीनगर. शिवाय जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यांत ज्यांच्या मूर्ती आहेत ते ‘जिन’, म्हणजे जिंकलेले. हा शब्द संस्कृत. अशा रीतीने एका जिल्ह्याच्या परिसरात धर्म, अश्वारूढ सेना, यंत्र आणि वस्त्र अशा चार निराळ्या इतिहासांचे शब्द जवळजवळ एकाच रूपाने वावरताना दिसतात.

(६) नाण्याची दुसरी बाजू

समान अक्षरांनी जसे भिन्न मूळ झाकले जाते, तसे भिन्न अक्षरांनी समान मूळही झाकले जाते. ईदच्या दिवशी होणाऱ्या ‘शिरखुर्मा’ या पक्वान्नाच्या नावातील ‘शीर’ म्हणजे फार्सीत दूध. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘क्षीर’. आणि क्षीरापासूनच मराठी ‘खीर’ आली. मराठीतील रक्तवाहिनीवाचक ‘शीर’ मात्र ‘सिरा’ या निराळ्या संस्कृत शब्दापासून आलेली आहे. म्हणजे ज्या दोन शब्दांची अक्षरे जुळतात ते परस्परांस परके, आणि ज्यांची जुळत नाहीत ते शिरखुर्मा व खीर सख्खे. तहसीलदारातील ‘दार’ हाही संस्कृत ‘धृ’ धातूचा इराणी बंधू होय. म्हणून ‘वतनदार’ व ‘वेषधारी’ यांची उत्तरपदे एकाच प्राचीन मुळाची ठरतात, आणि घराचे दार त्यांत उपरे राहते.

या सर्व विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ओळखीच्या अक्षरांवरून प्रत्येक शब्द संस्कृतातून काढून दाखविणे, आणि कचेरीतला म्हणून प्रत्येक शब्द परका ठरविणे, हे दोन्ही हट्ट सारखेच निराधार आहेत. परभणीच्या शेतकऱ्याचा हंगाम अरबी, पीक प्राकृत, साल फार्सी आणि जीन इंग्रजी. तरी त्याचे वाक्य मराठीच असते. दुसरी गोष्ट व्यावहारिक आहे. महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या व्युत्पत्तिकोशाने १९४६ साली जी सामग्री एकत्र केली, तिच्या आधारे मराठवाड्याच्या महसुली व शेतीविषयक शब्दांचा स्वतंत्र कोश व्हावयास हवा. त्यात समरूप शब्द एका नोंदीखाली न कोंबता मूळ, लिंग, उच्चार आणि कागदपत्रांतील संदर्भ देऊन वेगळे मांडावयास हवेत. निजामकालीन दप्तर ज्यांनी लिहिले आणि ज्यांनी ते वापरले, त्यांच्या पिढ्या सरत आल्या आहेत. कागद जपले, त्यांची छायाचित्रे घेतली, तरी ‘कुल’ कोठे घराण्याचे आणि कोठे सर्वस्वाचे, हे सांगणारा न उरल्यास ते दप्तर अक्षरांसह मुके होईल.